ट्रान्सफॉर्मरची कॉइल मीटरवर ११० ओहम दाखवते, मग करंट २ अँपिअर का नाही? (आणि १२ व्होल्टच्या बॅटरीने झटका कसा दिला?)

शंकासुर

मंडळी, प्रश्न शाळकरी वाटेल पण दोन दिवस डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतोय. जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, १२-०-१२, १ अँपिअरवाला. मीटर ओहमवर ठेवून प्रायमरी (२३० व्होल्टच्या बाजूची कॉइल) मोजली तर ११० ओहम. आता ओहमचा नियम लावला तर २३० भागिले ११०, म्हणजे २ अँपिअरच्या वर, म्हणजे जवळजवळ ४८० वॅट! एवढ्याशा ठोकळ्यात ४८० वॅट गेले तर मिनिटभरात धूरच निघेल ना. पण हा पठ्ठ्या दिवसभर चालू ठेवला तरी नुसता कोमट होतो. मीटर सिरीजमध्ये घालून मोजलं, सेकंडरीला (१२ व्होल्टच्या बाजूच्या कॉइलला) काहीही जोडलेलं नव्हतं, तर ४० मिलिअँपिअर. कुठे २ अँपिअर आणि कुठे ४० मिलि, पन्नासपट फरक आहे.

म्हटलं मीटर गंडलाय. म्हणून तीच प्रायमरी १२ व्होल्टच्या बॅटरीला लावून बघितली, तर करंट १०९ मिलि. १२ भागिले ११०, बरोब्बर १०९. म्हणजे डीसीला नियम पाळायचा आणि एसीला नाही, असं काही आहे का?

आणि खरी गंमत पुढेच. बॅटरी सोडवताना कॉइलची दोन्ही उघडी टोकं माझ्या बोटांत होती आणि वायर सुटल्याक्षणी असा सणसणीत झटका बसला की हातातला पेचकस टेबलाखाली. नुसत्या १२ व्होल्टच्या बॅटरीची टोकं मी कितीदा हाताने धरलीत, मुंगीसुद्धा चावत नाही. मग हा झटका आला कुठून??

---

घाईगर्दी

एसीला रेझिस्टन्स नाही इंपिडन्स बघायचा असतो. कॉइल आहे ना ती. सर्च मारा, हजार व्हिडिओ मिळतील.

---

तिसरा डोळा

सोप्पं आहे. एसी अर्धा वेळ प्लस आणि अर्धा वेळ मायनस असतो, सरासरी काढली तर शून्य. त्यामुळे करंट पण कटाकटी होऊन कमीच वाहतो. डीसी एकाच दिशेने जातो म्हणून पूर्ण करंट मिळतो.

---

मीटरवाला

@तिसरा डोळा, नाही हो, हे चुकतंय. सरासरी शून्य हे खरं, पण त्याने करंट कमी होत नाही. १००० वॅटची इस्त्री घ्या, प्लग काढून पिनांवर मोजा, साधारण ५३ ओहम येतील (थर्मोस्टॅट बंद करून ठेवू नका नाहीतर ओपनच दाखवेल). २३० भागिले ५३ केलं की ४.३ अँपिअर, आणि चालू असताना ती एसीवर तेवढेच घेते. तिथे कुठे काय कटाकटी झालं? उष्णतेला करंट उजवीकडे जातोय की डावीकडे याच्याशी देणंघेणं नसतं, ती करंटच्या वर्गावर ठरते, आणि मायनसचा वर्ग केला की प्लसच.

२३० हा आकडासुद्धा त्यातूनच आलाय. तो आरएमएस आहे, म्हणजे २३० व्होल्ट डीसीने जेवढी इस्त्री तापेल तेवढीच या एसीने तापते. प्रत्यक्षात व्होल्टेज दर सायकलला एकदा प्लस ३२५ आणि एकदा मायनस ३२५ गाठून येतं. म्हणून तर मेन्सवर ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर लावला की कपॅसिटरवर ३२० च्या आसपास डीसी दिसतो आणि नवखा माणूस म्हणतो अरे व्होल्टेज वाढलं कसं.

जाता जाता, हाच प्रयोग फिलामेंटच्या बल्बवर करू नका, गोंधळ अजून वाढेल. ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ८८० ओहमचा असतो आणि गार असताना मीटरवर त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी दाखवतो. तो एसी-डीसीचा प्रश्न नाही, तापलेल्या टंगस्टनचा आहे.

---

खटपट्या

शंकासुरभाऊ, प्रश्न अजिबात शाळकरी नाही, आणि तुम्ही तीन आकडे मोजून आणलेत म्हणून उत्तर द्यायलाही मजा येतेय. नाहीतर इथे "सर्किट चालत नाही, उपाय सांगा" एवढंच लिहून लोक गायब होतात.

तर बघा. ओहमने त्याचा नियम १८२७ मध्ये मांडला तेव्हा त्याच्यासमोर डीसीच होता, आणि तो नियम तांब्याच्या तारेबद्दल आहे. तुमच्या कॉइलची तार ११० ओहमची आहे, एसीवरही ती ११० ओहमचीच राहते, त्यात काही बदलत नाही. पण ती तार लोखंडाभोवती हजारभर वेढे मारून गुंडाळलीय आणि इथे दुसरं प्रकरण सुरू होतं. करंट बदलला की लोखंडातलं चुंबकत्व बदलतं, आणि चुंबकत्व बदललं की त्याच तारेत व्होल्टेज तयार होतं (फॅरडे, १८३१), आणि ते व्होल्टेज नेमकं बदलाच्या विरोधात उभं राहतं (लेन्झ, १८३४). म्हणजे बाहेरून २३० व्होल्ट ढकलतायत आणि आतून कॉइल स्वतःच जवळजवळ तेवढंच व्होल्टेज उलटं लावून बसलीय. तारेच्या वाट्याला किती उरलं ते तुमच्याच आकड्यातून काढा, ४० मिलि गुणिले ११० ओहम, म्हणजे साडेचार व्होल्टसुद्धा नाहीत. ओहमचा नियम मोडला कुठे, तो त्या साडेचार व्होल्टवर इमानेइतबारे चालू आहे, तुम्ही त्याच्या गळ्यात अख्खे २३० टाकत होतात.

डीसीला काय होतं, तर सुरुवातीचा क्षणभर करंट वाढत असतो तेव्हा कॉइल अशीच आडवी येते, पण एकदा करंट स्थिर झाला की बदल संपला, बदल संपला की विरोध संपला, मग उरते नुसती तार. म्हणून १०९ मिलि.

मला स्वतःला हे कळलं ते जड सरकत्या गेटवरून. गेटला एका बाजूने सतत रेटा दिलात तर सुरुवातीला हलत नाही पण मग असा वेग घेतं की थांबवता येत नाही, आणि त्याच गेटला तेवढ्याच जोराने पटापट पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिलात तर ते जागच्या जागी बोटभर हलेल, कारण वेग घ्यायच्या आत तुम्ही दिशा बदलताय. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे. रूळांचं घर्षण म्हणजे तुमचे ११० ओहम, आणि गेटचं वजन म्हणजे इंडक्टन्स. मीटरच्या ओहम रेंजला फक्त घर्षण कळतं कारण तो आतल्या बॅटरीचा डीसीच सोडतो, वजन त्याला दिसतच नाही.

आकड्यात म्हणाल तर २३० भागिले ०.०४ म्हणजे ५७५० ओहम, हा झाला इंपिडन्स (हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडचा, १८८६ सालचा). त्याला ३१४ ने, म्हणजे दोन पाय (२π) गुणिले ५० ने भागलं की इंडक्टन्स साधारण १८ हेन्री. फ्रिक्वेन्सी कमी केली तर विरोध कमी, शून्यावर आणली तर विरोध शून्य, आणि शून्य हर्ट्झ म्हणजेच आपला डीसी. त्यामुळे हा ट्रान्सफॉर्मर चुकूनही २२०-२३० व्होल्ट डीसीवर लावू नका, तिथे तुमचे ते ४८० वॅट आणि तो धूर दोन्ही खरे होतील.

---

शंकासुर

आईशप्पथ, साडेचार व्होल्टचं गणित बघून एकदम प्रकाश पडला! पण मग झटका?

---

खटपट्या

झटका त्याच गेटचा. १०९ मिलि करंट वाहतोय म्हणजे गेट वेगात आहे. तुम्ही वायर सोडवली म्हणजे त्या गेटला अचानक "थांब" म्हणालात. कॉइलला करंट एकदम शून्य झालेला चालत नाही, तिला तो वाहताच ठेवायचा असतो, आणि त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज ती तयार करते, शंभर म्हणा, कित्येकशे म्हणा, जोवर कुठूनतरी वाट मिळत नाही तोवर. वाट होती तुमची बोटं. बॅटरीचे १२ व्होल्ट तुम्हाला लागलेच नाहीत, लोखंडात साठलेली ऊर्जा बाहेर आली.

रिलेच्या कॉइलवर एक छोटा डायोड उलटा लावलेला असतो ना, तो याचसाठी. बोटांऐवजी वाट त्या डायोडमधून. तो नसेल तर बिचारा ट्रान्झिस्टर तुमच्यासारखा झटका खातो, फक्त त्याला ओरडता येत नाही.

---

फेजर

छान लिहिलंय, फक्त एक पाचर मारतो. ते १८ हेन्री डीसीच्या प्रयोगाला जसेच्या तसे लावू नका. ४० मिलि एसी हा या लोखंडाच्या सोसण्याचा मामला आहे, १०९ मिलि सलग डीसीला कोअर (कॉइलच्या आतलं लोखंड) बहुतेक सॅच्युरेट, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरलेला असणार आणि तिथे इंडक्टन्स बराच घसरतो. म्हणजे १८ हेन्री धरून ऊर्जा काढली तर खऱ्यापेक्षा जास्त येईल. झटका मात्र खरा, त्यात वाद नाही :)

---

जुना वायरमन

पोरांनो गणितं चांगली करताय पण मला त्या मेन्समध्ये मीटर सिरीजला घालण्याची भीती वाटते. शंकासुरा, करंट मोजून झाला की आधी लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात घालायची हे हाताला वळण लाव. मी उमेदवारी करत होतो तेव्हा करंट मोजला, प्रोब तशीच मिलिअँपिअरच्या भोकात राहिली आणि पाच मिनिटांनी त्याच मीटरने सॉकेटचं व्होल्टेज बघायला गेलो. करंटच्या रेंजला मीटर म्हणजे सरळ वायरच, म्हणजे मी फेज आणि न्यूट्रल मीटरमधून शॉर्ट केले. प्रोबचं टोक वितळून गोळी झाली होती, मीटरचा फ्यूज गेला तो गेला, आणि उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या त्या अजून कानात आहेत.

दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालू करताना कधीकधी "ठक्" आवाज येतो ते ऐकलंयस ना. स्विच नेमका व्होल्टेज शून्यातून जात असताना पडला तर पहिल्या एकदोन सायकलला कोअर भरून वाहतो आणि करंट ४० मिलि नाही, अँपिअरमध्ये जातो. म्हणून मिलिअँपिअरला मोजताना मीटरच्या दोन्ही प्रोबांमध्ये एक बटण लावून तो शॉर्ट ठेवायचा, ट्रान्सफॉर्मर चालू झाल्यावर मग ते बटण उघडायचं. नाहीतर फ्यूज आणत बसशील.

---

शंकासुर

काका, प्रोबचं लक्षात ठेवतो, नशीब माझं की अजून तसं झालं नाही. फ्यूज मात्र एक गेलाच होता, आता कळलं का.

मेन्सला हात न लावता अजून खेळून बघावं म्हणून सेकंडरीचे १२ व्होल्ट घेतले (लोड नसताना १३.२ येतात). पंख्यातला २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १.२ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजला जोडले. रेझिस्टरवर ९.१ व्होल्ट, कपॅसिटरवर ९.६ व्होल्ट. बेरीज १८.७!! सप्लाय १३.२ चा. जास्तीचे साडेपाच व्होल्ट आले कुठून? बॅटरीवर हीच जोडणी केली तर रेझिस्टरवर शून्य आणि सगळे १२ कपॅसिटरवर, ते समजतं, भरला की थांबला. पण एसीचं काय?

---

मीटरवाला

मीटर कोणता आहे? साधा मीटर सरासरी मोजून १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतो, ते गणित फक्त शुद्ध साइन वेव्हलाच लागू पडतं. डिमरनंतर मोजलं तर हमखास फसवतो. पण तुमच्या या सर्किटमध्ये वेव्ह बऱ्यापैकी साइनच आहे, त्यामुळे तिन्ही रीडिंग बरोबरच असणार. दोष बेरजेत आहे.

---

फेजर

हो, दोष बेरजेत आहे आणि एसीचं सगळं मर्म इथेच आहे, वरची इंपिडन्सची चर्चा म्हणजे निम्मी गोष्ट झाली.

डीसीत व्होल्टेजला फक्त "किती" असतं. एसीत "किती" च्या जोडीला "केव्हा" येतं. मीटर फक्त किती ते सांगतो, केव्हा ते गिळून टाकतो. रेझिस्टरवरचं व्होल्टेज करंटच्या सोबत चढतं-उतरतं. कपॅसिटरवरचं पाव सायकल मागे असतं, कारण आधी करंट वाहणार, मग प्लेटा भरणार, मग व्होल्टेज दिसणार. ५० हर्ट्झला पाव सायकल म्हणजे ५ मिलिसेकंद. म्हणजे रेझिस्टर त्याच्या शिखरावर असतो तेव्हा कपॅसिटर शून्यावर, आणि कपॅसिटर शिखरावर पोचतो तोवर रेझिस्टर शून्यावर आलेला असतो. कुठलाही एक क्षण पकडा, त्या क्षणाची दोघांची बेरीज सप्लायच्या त्या क्षणाच्या व्होल्टेजएवढीच भरते, जास्तीचं काही आलेलं नाही. पण तुम्ही दोघांच्या वेगवेगळ्या वेळच्या उंच्या घेऊन एकावर एक रचल्यात.

काटकोनात आहेत म्हणून पायथागोरस लावा. ९.१ चा वर्ग ८२.८, ९.६ चा वर्ग ९२.२, बेरीज १७५, वर्गमूळ १३.२. तुमचा सप्लाय! एवढं चपखल येईल असं मलाही वाटलं नव्हतं, मापं छान घेतलीत.

असाच प्रकार चोकवाल्या ४० वॅट ट्यूबलाइटमध्ये. ट्यूबवर शंभरच्या थोडं वर, चोकवर दोनशेच्या जवळपास, बेरीज तीनशे आणि सप्लाय २३०. करंट ०.४३ अँपिअर, म्हणजे गुणाकार केला तर ९९, पण चोकसकट खरी वीज खर्च होते साधारण ५० वॅट. पॉवर फॅक्टर अर्धा. उरलेला करंट चोकमध्ये चुंबकत्व भरायला जातो आणि लगेच परत येतो, कामाला येत नाही पण वायरीतून फिरतोच, म्हणून वायर त्याच्याही हिशोबाने जाड घ्यावी लागते.

हे काटकोन आणि बाण कागदावर काढत बसायचं नसेल तर काल्पनिक संख्या वापरतात. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झने ती पद्धत इंजिनिअर लोकांसमोर मांडली आणि तोवर डिफरन्शिअल इक्वेशनमध्ये अडकलेलं एसीचं गणित साध्या बेरीज-गुणाकारावर आलं. त्यात उणे एकच्या वर्गमुळाला "जे" म्हणतात, कॉलेजात मी त्या "जे" ला जाम शिव्या दिल्यात. नंतर कळलं की "जे" म्हणजे फक्त "पाव सायकल सरकव", बाकी त्यात काल्पनिक काही नाही.

---

तिसरा डोळा

माझी सरासरीवाली चूक कबूल. एक उपप्रश्न, रिलेवर १० अँपिअर २५० व्होल्ट एसी आणि त्याच्याच खाली १० अँपिअर ३० व्होल्ट डीसी असं छापलेलं असतं. तोच संपर्क, मग डीसीला एकदम ३० च का?

---

जुना वायरमन

ठिणगीमुळे. संपर्क सुटताना मध्ये आर्क पेटतो. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणजे आर्कला दर १० मिलिसेकंदाला विझायची संधी. डीसी शून्यावर येतच नाही, आर्क ताणत राहतो आणि संपर्क जाळतो. सोलरच्या डीसी लाइनवर घरचा साधा एसीचा स्विच लावलेला मी बघितलाय, बंद केल्यावर आत निळा उजेड तसाच. लावू नका, डीसी रेटिंग असलेलाच आयसोलेटर घ्या.

---

शंकासुर

एक शेवटचं, मग तुम्हाला सोडतो. काकांचं बटण लावून, बटण दाबून ठेवून चालू केलं, ठक् झालं पण फ्यूज वाचला. आता सेकंडरीवर १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लावला. १० वॅट भागिले २३० म्हणजे प्रायमरीला ४३ मिलि वाढायला हवेत. आधीचे ४०, म्हणजे ८३ येतील असं आधी वाटलं, मग फेजरचं वाचून पायथागोरस लावला तर ५९ आले. मीटर म्हणतो ७१. ना इकडचा ना तिकडचा!

---

फेजर

पायथागोरस लावलात हेच भारी. फक्त तुम्ही आधीचे सगळे ४० चुंबकत्वाचे धरले आणि बल्बचे १० वॅट म्हणजेच सगळा खर्च धरला. ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही कोमट होतो असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय ना, तो कोमटपणा म्हणजे वॅट, आणि ते वॅट बल्बच्याच बाजूला मोजायचे. चुंबकत्वाचे समजा ३९ धरा. ७१ चा वर्ग वजा ३९ चा वर्ग, वर्गमूळ ५९. ५९ मिलि गुणिले २३० म्हणजे साडेतेरा वॅट. दहा बल्बचे, साडेतीन ट्रान्सफॉर्मरने स्वतः खाल्ले, काही लोखंडात, काही दोन्ही वाइंडिंगच्या तांब्यात. एवढ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला हे अगदी बसतं. चुंबकत्वाचा करंट शुद्ध साइन नसतो आणि तुमचा मीटर सरासरीवाला असेल तर एकदोन मिलि इकडेतिकडे धरा.

---

शंकासुर

आत्ता बल्ब काढून अर्ध्या तासाने हात लावला, कोमट. बल्ब लावून अर्धा तास, चांगला गरम. मीटर बंद केला, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात घातली काका.